धातूंचे आयन आणि पेशीपटलातील चॅनेल : मापाआधी पाण्याचा विचार

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारला आहे. पोटॅशियमचा आयन सोडियमच्या आयनापेक्षा आकाराने मोठा आहे, तरीही पोटॅशियम चॅनेलमधून, म्हणजे पेशीपटलात पोटॅशियमला वाट देणाऱ्या प्रथिनातून, मोठा आयन सहज जातो आणि लहान आयन अडतो, हे कसे? नीटची तयारी करणारी मुले हे वारंवार विचारतात आणि ‘छिद्राचे माप ठरलेले असते’ या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही. त्यांनी पुढे असेही विचारले आहे की शिसे, कॅडमियम, बेरियम यांसारखे धातू चॅनेल बंद करतात म्हणजे नेमके काय करतात, रक्तातले पोटॅशियम वाढले की डॉक्टर शिरेतून कॅल्शियम का देतात, आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचा या चॅनेलवर काही परिणाम होतो का.

हे चारही प्रश्न एकाच धाग्याने बांधलेले आहेत. मराठवाड्यात शरीरक्रियाशास्त्र शिकवताना आणि वॉर्डात रुग्ण पाहताना माझी जी समजूत पक्की होत गेली, ती अशी की धातूच्या आयनाचे चॅनेलशी कसे जमेल हे समजून घ्यायचे असेल, तर त्याच्या मापाआधी त्याच्याभोवतीच्या पाण्याचा विचार करावा. आयन आपले पाणी किती घट्ट धरून ठेवतो, ते सोडायला त्याला किती ऊर्जा लागते, आणि सोडलेल्या पाण्याच्या बदल्यात चॅनेलचे प्रथिन त्याला काय देऊ करते, यावरच त्याचे आत जाणे, अडणे किंवा अडकून बसणे ठरते.

आपण पुस्तकात जी त्रिज्या वाचतो ती स्फटिकातल्या, म्हणजे पाण्याविना असलेल्या आयनाची असते. सोडियमची सुमारे ०.९५ आंगस्ट्रॉम आणि पोटॅशियमची १.३३ आंगस्ट्रॉम. आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, यावरून फरक किती सूक्ष्म आहे हे लक्षात यावे. परंतु रक्तात किंवा पेशीद्रवात असा उघडा आयन नसतोच. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋणभारित असते, त्यामुळे प्रत्येक धनभारित आयनाभोवती पाण्याचे रेणू दाटीने जमतात आणि त्याचे एक कवच तयार होते. भार तेवढाच पण आकार लहान असेल, तर त्या आयनाची पकड अधिक घट्ट असते. सोडियमला पाण्यापासून पूर्ण वेगळे करायचे झाल्यास मोलमागे सुमारे १०० किलोकॅलरी लागतात, पोटॅशियमला सुमारे ८०. दुहेरी भाराच्या कॅल्शियमला सुमारे ३८० आणि आकाराने फारच लहान असलेल्या मॅग्नेशियमला ४५० हून अधिक. हे चार आकडे फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवावेत, कारण पुढचे जवळजवळ सगळे स्पष्टीकरण त्यांच्यातून निघते.

पेशीपटल मेदाचे असल्याने आयनाला त्यातून आरपार जाता येत नाही, कारण पाणी सोडल्यावर मेद त्याला कोणताच आधार देत नाही. चॅनेलचे काम हा आधार पुरवण्याचे आहे. तो कसा पुरवला जातो हे १९९८ मध्ये प्रथम डोळ्यांना दिसले. रॉडरिक मॅकिनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडन्स या जिवाणूच्या पोटॅशियम चॅनेलची क्ष-किरण स्फटिकरचना प्रसिद्ध केली, आणि या कामासाठी मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चार सारखे घटक मिळून एक चॅनेल होतो आणि त्याच्या बाहेरच्या टोकाजवळ सुमारे १२ आंगस्ट्रॉम लांबीचा अरुंद भाग असतो, त्याला आपण निवडक गाळणी म्हणू. थ्रिओनिन, व्हॅलिन, ग्लायसिन, टायरोसिन, ग्लायसिन हा अमिनो आम्लांचा क्रम तिथे आढळतो, आणि जिवाणूपासून माणसापर्यंत तो थोड्याफार फरकाने टिकून राहिला आहे. या साखळीच्या कण्यातील ऑक्सिजन अणू मार्गाच्या आतल्या बाजूला तोंड करून एकावर एक थरांत बसलेले असतात, आणि त्यामुळे पोटॅशियमसाठी एकामागोमाग चार जागा तयार होतात. प्रत्येक जागेत पोटॅशियमच्या भोवती आठ ऑक्सिजन येतात.

आता जवळून पाहू. गाळणीच्या खालच्या पोकळीत पोटॅशियमचा आयन पोहोचतो तेव्हा त्याच्याभोवती पाण्याचे आठ रेणू असतात, आणि त्या आठ रेणूंची मांडणी गाळणीतल्या आठ ऑक्सिजनांच्या मांडणीशी मिळतीजुळती असते. तो एक पाऊल वर सरकतो, पाण्याचा एकेक ऑक्सिजन सुटतो आणि त्याच अंतरावर, त्याच दिशेला प्रथिनाचा ऑक्सिजन त्याला मिळतो. जेवढी ऊर्जा गेली जवळजवळ तेवढीच परत आली, त्यामुळे आयनाला थांबण्याचे कारण उरत नाही. सोडियम त्याच जागी आला तर त्याचे पाणी सोडायला जास्त ऊर्जा लागते, आणि आकाराने लहान असल्यामुळे त्याला त्या आठही ऑक्सिजनांशी एकाच वेळी तितकी जवळीक साधता येत नाही. ऊर्जा खर्च होते, भरपाई अपुरी पडते आणि सोडियम बाहेरच राहतो. लहान असूनही तो अडतो याचे कारण हे आहे. असा चॅनेल अनुकूल स्थितीत सेकंदाला दहा कोटींच्या आसपास पोटॅशियम आयन सोडतो आणि सोडियमच्या तुलनेत पोटॅशियमची निवड किमान दहा हजार पटीने करतो. एवढा वेग आणि एवढी अचूकता एकत्र नांदतात याचे मला आजही नवल वाटते.

वर्गात हे सांगताना एक सावधगिरी बाळगावी. गाळणी म्हणजे ताठ साचा आहे असे चित्र मुलांच्या मनात उभे राहू देऊ नये. सोडियम आणि पोटॅशियमच्या त्रिज्येतला फरक जेमतेम ०.३८ आंगस्ट्रॉमचा आहे, आणि शरीराच्या तापमानाला प्रथिनाचे अणू त्याहून जास्त थरथरत असतात. त्यामुळे केवळ ‘अचूक बसणे’ हे कारण पुरेसे ठरत नाही. आठ ऑक्सिजन एकमेकांना किती रेटतात, ओळीत किती आयन एका वेळी उभे आहेत आणि सलग किती जागा आहेत, या सर्वांचा हिस्सा त्यात आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूतला एक चॅनेल सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही सोडतो, त्याच्या गाळणीत चारऐवजी पोटॅशियमच्या दोनच जागा असतात. त्यात बदल करून चार सलग जागा तयार केल्या की तोच चॅनेल पोटॅशियमची निवड करू लागतो. आयन गाळणीतून जाताना मध्ये पाण्याचा रेणू असतो की ते एकमेकांना थेट खेटून जातात, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. बारावीच्या मुलांना या वादात उतरवण्याची गरज नाही, पण वाद आहे एवढे हुशार मुलांना जरूर सांगावे.

कॅल्शियम चॅनेलची रीत वेगळी आहे, आणि माझ्या मते ती अधिक विलक्षण आहे. पेशीबाहेर लिटरमागे सोडियम सुमारे १४० मिलिमोल आणि मुक्त कॅल्शियम सव्वा मिलिमोलच्या आसपास, म्हणजे सोडियमची संख्या शंभरपट अधिक. दोघांच्या त्रिज्याही जवळपास सारख्याच, ०.९५ आणि ०.९९ आंगस्ट्रॉम. मापावर निवड करायची म्हटली तर इथे ती अशक्यच आहे. तरीही हृदयाच्या पेशीतला कॅल्शियम चॅनेल कॅल्शियमच आत घेतो. १९८४ मध्ये झालेल्या प्रयोगांत याचे गमक सापडले. बाहेरचे कॅल्शियम जवळजवळ पूर्ण काढून टाकले की याच चॅनेलमधून सोडियम धो धो वाहू लागतो, आणि लिटरमागे एक मायक्रोमोल इतके अल्प कॅल्शियम परत घातले की सोडियमचा प्रवाह निम्म्यावर येतो. याचा अर्थ कॅल्शियम मार्गातल्या एखाद्या जागेला घट्ट चिकटून सोडियमची वाट अडवतो. ती जागा चार ग्लुटामेट या ऋणभारित अमिनो आम्लांनी मिळून बनलेली असते, आणि दुहेरी धनभाराचा कॅल्शियम तिथे सोडियमपेक्षा कितीतरी घट्ट बसतो.

पण इथे एक कोडे उभे राहते. इतका घट्ट चिकटलेला आयन स्वतःहून सुटायचा म्हटला तर सेकंदाला हजारभरच आयन जाऊ शकतील, प्रत्यक्षात मात्र दहा लाखांच्या आसपास जातात. गर्दीच्या एसटीत मागून येणाऱ्याच्या रेट्याने दारातला माणूस पुढे ढकलला जावा तसे इथे होते. दुसरा कॅल्शियम आयन मागे येऊन उभा राहिला की दोघांच्या भारांचे प्रतिकर्षण पहिल्याला आत लोटते. सोडियमच्या एकेरी भारात तेवढा जोर नसतो. ही चार ग्लुटामेटचीच करामत आहे याचा पुरावा १९९२ मध्ये शोसाकू नुमा यांच्या गटाने दिला. सोडियम चॅनेलमध्ये याच ठिकाणी अॅस्पार्टेट, ग्लुटामेट, लायसिन आणि अॅलानिन असतात. त्यातील लायसिन आणि अॅलानिनच्या जागी ग्लुटामेट बसवले, तेव्हा सोडियम चॅनेल कॅल्शियम चॅनेलसारखा वागू लागला. हजारो अमिनो आम्लांच्या प्रथिनात एक-दोन अक्षरे बदलली आणि आयनाची निवडच बदलली.

मॅग्नेशियमही दुहेरी भाराचाच, मग तो कॅल्शियम चॅनेलमधून का जात नाही? पुन्हा पाणीच कारण. कॅल्शियमभोवतीचे पाण्याचे रेणू सेकंदाला दहा कोटींहून अधिक वेळा बदलतात, मॅग्नेशियमभोवतीचे सहा रेणू मात्र सेकंदाला काही लाख वेळाच. तो आपले पाणी इतक्या सावकाश सोडतो की दारात येतो, आत जाऊ शकत नाही आणि तिथेच उभा राहून वाट अडवतो. निसर्गाने या अडवणुकीचाच उपयोग करून घेतला आहे. मेंदूतील एनएमडीए ग्राही हा संदेशवाहक बसल्यावर उघडणारा चॅनेल, त्याच्या मार्गात, पेशी विश्रांतीत असताना, बाहेरचा मॅग्नेशियम आयन आत ओढला जाऊन अडकलेला असतो. ग्लुटामेट हा संदेशवाहक येऊन बसला तरी मार्ग मोकळा होत नाही. त्याच वेळी पेशीचे विभवांतर (पटलाच्या आत-बाहेरचा विद्युतदाबाचा फरक) इतर मार्गांनी कमी झाले, तर मॅग्नेशियमला आत खेचणारा विद्युतबळाचा ताण सैल पडतो, तो बाहेर पडतो आणि कॅल्शियम आत शिरतो. दोन घटना एकाच वेळी घडल्या हे पेशीला यावरून कळते, आणि शिकण्याच्या व लक्षात ठेवण्याच्या प्रक्रियेचा हा एक पाया आहे.

आपल्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षात हेच मॅग्नेशियम रोज वापरात असते. गर्भारपणात रक्तदाब वाढून झटके आले की मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते. सुरुवातीला ४ ग्रॅम शिरेतून आणि दोन्ही नितंबांच्या स्नायूंत ५-५ ग्रॅम, नंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम, ही पद्धत नर्सताईंना तोंडपाठ असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. एनएमडीए मार्गातील अडवणूक आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील कॅल्शियम चॅनेलवरचा प्रभाव, या दोन्हींचा त्यात वाटा मानला जातो. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का हे पाहतात, श्वास मिनिटाला १६ च्या वर आहेत ना आणि लघवी पुरेशी होते ना हे तपासतात. गुडघ्याची प्रतिक्रिया जाणे ही धोक्याची पहिली खूण आहे, कारण मॅग्नेशियम आता मज्जातंतूच्या टोकावरील कॅल्शियम चॅनेलही अडवू लागलेला असतो आणि स्नायूपर्यंत संदेश पोहोचत नाही. मात्रा आणखी वाढली तर श्वासाचे स्नायूही थकतात. म्हणूनच ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिलिलिटरचे इंजेक्शन तयार ठेवलेले असते. एकाच दारापाशी दोन आयनांची स्पर्धा आहे, आणि कॅल्शियमची संख्या वाढवून आपण तिचा निकाल फिरवतो.

आता विषारी धातूंकडे वळू. कॅडमियमची त्रिज्या ०.९७ आंगस्ट्रॉम, कॅल्शियमच्या जवळजवळ बरोबरीची आणि भारही तोच. मापावरच सगळे ठरत असते तर कॅडमियम कॅल्शियम चॅनेलमधून बिनबोभाट गेला असता. प्रत्यक्षात तो त्या चार ग्लुटामेटना कॅल्शियमपेक्षाही घट्ट धरतो आणि लवकर सुटत नाही, त्यामुळे काही मायक्रोमोल कॅडमियम चॅनेल बंद पाडायला पुरते. त्याला गंधकाचीही मोठी ओढ असते. हृदयाच्या सोडियम चॅनेलच्या तोंडाशी सिस्टिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते, मज्जातंतूंतील बऱ्याच सोडियम चॅनेलमध्ये त्याच जागी दुसरे अमिनो आम्ल असते. एवढ्याशा फरकामुळे हृदयाचा चॅनेल कॅडमियम आणि जस्ताला कितीतरी जास्त बळी पडतो. संशोधक या ओढीचा उपयोगही करतात. चॅनेलच्या हव्या त्या ठिकाणी मुद्दाम सिस्टिन बसवायचे, कॅडमियम घालायचे आणि प्रवाह थांबतो का ते पाहायचे. थांबला तर ती जागा आयनाच्या वाटेवर आहे असे कळते.

बेरियमची गोष्ट पोटॅशियम चॅनेलची आहे. १.३५ आंगस्ट्रॉम त्रिज्येमुळे तो गाळणीत पोटॅशियमसारखाच शिरतो, पण दुहेरी भारामुळे तिथल्या ऑक्सिजनांना चिकटून बसतो. काही चॅनेलमध्ये एकेक बेरियम आयन सेकंद-सेकंद अडकून राहतो. ज्या मार्गातून सेकंदाला कोट्यवधी आयन जातात, तिथे हा काळ फार मोठा आहे. १९८८ मध्ये नेटन आणि मिलर यांनी, बाहेरचे पोटॅशियम वाढवल्यावर हा अडकलेला बेरियम कोणत्या बाजूला आणि किती उशिरा सुटतो हे मोजून, मार्गात पोटॅशियमच्या अनेक जागा ओळीने असल्याचा अंदाज बांधला होता. दहा वर्षांनी स्फटिकरचनेत त्या जागा दिसल्या. केवळ विद्युतप्रवाहाच्या नोंदींवरून न दिसणाऱ्या वस्तूची अंतर्गत रचना सांगणे हे शरीरक्रियाशास्त्रातले फार मोठे यश आहे, असे मी मानतो. रुग्णाच्या बाबतीत बेरियमचा परिणाम भयंकर असतो. उंदीर मारण्यासाठी वापरले जाणारे बेरियम कार्बोनेट पोटात गेले, तर पेशींमधून पोटॅशियम बाहेर येण्याची वाट बंद होते, पंप मात्र ते आत भरत राहतो, रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरते आणि स्नायू लुळे पडतात. क्ष-किरण तपासणीत पाजतात ते बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नसल्याने आतड्यातून रक्तात जात नाही आणि म्हणून सुरक्षित असते, हा फरकही मुलांना सांगावा.

वर पंपाचा उल्लेख आला. पंप आणि चॅनेल यांची गल्लत परीक्षेत फार होते. सोडियम-पोटॅशियम पंप ऊर्जा खर्चून तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत घेतो आणि सेकंदाला फार तर काही शे फेऱ्या करतो. चॅनेल स्वतः ऊर्जा खर्च करत नाही, पंपाने उभ्या केलेल्या चढ-उतारावर आयनांना वाट देतो. आपल्याकडे बांधावर दिसणाऱ्या बिट्टीच्या बियांचे विष पंपावर काम करते, विंचवाचे विष चॅनेलवर.

विंचवाचा विषय निघालाच आहे, आणि मराठवाड्यात तो टाळता येणार नाही. लाल विंचवाच्या विषातील काही घटक सोडियम चॅनेल बंद होऊ देत नाहीत, त्यामुळे मज्जातंतू सतत उद्दीपित राहतात आणि हृदयावर प्रचंड ताण येतो. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना यावर प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. याच विंचवाच्या विषात आयबेरिओटॉक्सिन नावाचा आणखी एक घटक असतो, तो कॅल्शियमने उघडणाऱ्या एका पोटॅशियम चॅनेलचे बाहेरचे तोंड बंद करतो. त्याच्या जवळच्या नात्यातल्या कॅरिब्डोटॉक्सिनवर झालेल्या अभ्यासातून असे दिसले की विषातील एका लायसिनचे धनभारित टोक गाळणीच्या दारात पोटॅशियमच्या आयनाप्रमाणे शिरते, आणि आतून येणारे खरे पोटॅशियम आयन त्याला बाहेर ढकलायला मदत करतात. धातूच्या आयनाची जागा घेणारे प्रथिन, हे या विषयातले सर्वात सुंदर उदाहरण आहे.

शिशाचा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा आहे, म्हणून त्यावर स्पष्ट लिहितो. शिसे मज्जातंतूच्या टोकावरील कॅल्शियम चॅनेल अडवते, एनएमडीए ग्राही दाबते आणि काही कॅल्शियममार्गांतून पेशीच्या आतही शिरते. आत गेल्यावर कॅल्शियमची जागा घेऊन ते अशी विकरे (एन्झाइम) चालू करते जी त्या क्षणी चालू व्हायला नकोत. वाढत्या मेंदूत नेमक्या याच चॅनेलवर शिकणे अवलंबून असते, म्हणून मुलांना शिशाचा धोका सर्वाधिक. रक्तात ज्याला निश्चिंतपणे सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची पातळी नाही. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग अशी २०१७ पासून लागू झाली आहे, परंतु जुने रंग, उघड्यावर वितळवल्या जाणाऱ्या बॅटऱ्या आणि शिसेमिश्रित कल्हई यांवर लक्ष ठेवावेच लागते. आहारात कॅल्शियम आणि लोह कमी असेल तर आतडे शिसे जास्त शोषते, त्यामुळे मुलांच्या ताटात दूध, नाचणी आणि पालेभाज्या असणे हा इथे खराखुरा उपचार आहे.

आता पोटॅशियम वाढल्यावर कॅल्शियम देण्याकडे येऊ. मूत्रपिंडे निकामी झालेला, डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकलेला रुग्ण रात्री येतो, ईसीजीवर टी लाट उंच आणि टोकदार, पी लाट नाहीशी होत चाललेली, क्यूआरएस, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे उद्दीपित होतानाची लाट, रुंद. बाहेरचे पोटॅशियम ४ वरून ८ मिलिमोल झाले की पोटॅशियमचे समतोल विभवांतर (ज्यावर त्याची आत-बाहेरची ये-जा सारखी होते) सुमारे १८ मिलिव्होल्टने घसरते, हृदयपेशी अर्धवट उद्दीपित अवस्थेत राहते आणि तिचे सोडियम चॅनेल निष्क्रिय होऊन बसतात. अशा वेळी १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर, ईसीजीवर नजर ठेवून, काही मिनिटांत शिरेतून देतात. एक ते तीन मिनिटांत क्यूआरएस अरुंद होऊ लागतो, आणि डोळ्यांसमोर कागदावर ते पाहताना आयनांचे शास्त्र किती प्रत्यक्ष आहे याची खात्री पटते. रक्तातले पोटॅशियम मात्र थेंबभरही कमी झालेले नसते, आणि हा परिणाम अर्धा ते एक तासच टिकतो. तेवढ्या वेळात इन्सुलिन-ग्लुकोज, सॅल्ब्युटॅमॉल आणि डायलिसिसची तयारी करायची असते.

हे घडते कसे? १९५७ मध्ये फ्रँकेनहॉयझर आणि हॉजकिन यांनी स्क्विडच्या महाकाय मज्जातंतूवर दाखवले की बाहेरचे कॅल्शियम पाचपट कमी करणे म्हणजे पेशीचे विभवांतर १० ते १५ मिलिव्होल्टने घटवण्यासारखेच आहे. पेशीपटलाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ऋणभार असतात, कॅल्शियम त्यांच्याजवळ जमून त्यांना झाकतो आणि चॅनेलच्या विभवसंवेदी भागाला पटलावरचा विद्युतताण वेगळा जाणवतो. कॅल्शियम कमी झाले की सोडियम चॅनेल लवकर उघडू लागतात, म्हणून बोटे आखडतात आणि गालावर टिचकी मारताच ओठ उडतो. कॅल्शियम वाढवले की उलट घडते. हृदयावरचा फायदा किती प्रमाणात या झाकण्यामुळे आणि किती प्रमाणात कॅल्शियमच्या प्रवाहामुळे, यावर अभ्यासकांत चर्चा चालू आहे, उपचारात मात्र त्याने फरक पडत नाही.

पोटॅशियम कमी असलेल्या रुग्णाबद्दल तरुण डॉक्टरांना एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. बाटलीमागून बाटली पोटॅशियम देऊनही पातळी वर येत नसेल, तर मॅग्नेशियम तपासा. मूत्रपिंडाच्या नलिकेतील रोमके या पोटॅशियम चॅनेलला पेशीतला मॅग्नेशियम आतून अंशतः अडवून ठेवत असतो. जुलाब, लघवीच्या गोळ्या, दारू किंवा वर्षानुवर्षे घेतलेल्या आम्लपित्ताच्या गोळ्या यांमुळे मॅग्नेशियम घटले, की ही अडवणूक सुटते आणि दिलेले पोटॅशियम लघवीतून वाहून जाते. मनोविकारासाठी लिथियम घेणाऱ्या रुग्णांनाही आपल्या उन्हाळ्यात जपावे लागते. लिथियम सोडियम चॅनेलमधून जवळजवळ सोडियमइतक्याच सहजपणे जातो. चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात घामातून पाणी आणि मीठ गेले, की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही राखून ठेवते आणि नेहमीचीच गोळी विषारी ठरू शकते.

राहिला बोअरच्या पाण्याचा प्रश्न. कातळातून येणारे आपले पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड असते, पण ते प्यायल्याने निरोगी माणसाच्या हृदयाच्या चॅनेलवर काही परिणाम होत नाही. आतडे गरजेपुरतेच शोषते, परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी आणि मूत्रपिंडे रक्तातले मुक्त कॅल्शियम अरुंद मर्यादेत राखतात. बेडकाच्या सुट्या हृदयाला असे संरक्षण नसते. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांच्या १८८० च्या दशकातल्या प्रयोगांत नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय धडधडत राहिले आणि शुद्ध पाण्यातल्या द्रावणात मंदावत गेले, तेव्हा नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचे महत्त्व जगाला कळले. डायलिसिसवरचा रुग्ण या बाबतीत त्या हृदयाच्या जवळचा आहे. मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने चार तासांत सुमारे १२० लिटर द्रव त्याच्या रक्तापासून एका पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहतो, आणि मध्ये आतडे किंवा मूत्रपिंड राखणदार म्हणून नसते. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरमागे ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम स्वीकार्य आहे आणि पर्याय नसेल तर २०० पर्यंत चालते. डायलिसिसच्या पाण्यासाठी कॅल्शियमची मर्यादा २ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियमची ४ मिलिग्रॅम आहे. टँकर बदलला, नवी बोअर जोडली किंवा आरओ यंत्रणेचा पडदा निकामी झाला, आणि पाळी सुरू झाल्यावर एकाच वेळी अनेक रुग्णांना मळमळ, अशक्तपणा, अंगाची आग आणि वाढलेला रक्तदाब दिसू लागला, तर प्रत्येकाची वेगळी तपासणी करत बसण्याआधी यंत्रे थांबवावीत आणि पाण्याची कठीणता मोजावी. आपल्या भागातील केंद्रांनी ती दररोज पहिल्या पाळीच्या आधी मोजून वहीत नोंदवावी, कारण उन्हाळ्यात आठवड्याला पाण्याचा उगम बदलतो.